तांबीचं पाणी

माझ्या धाकट्या सुनेची, म्हणजे तुमच्या काकूची, डोकेदुखी गेल्या उन्हाळ्यात सुरू झाली. दुखायच्या आधी तिच्या डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या, चमकणाऱ्या रेषा नाचायच्या. ऊन लागलं असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं सगळेच म्हणत होते. क्रांती चौकातून नवा चष्मा आला, तरी डोकं दुखायचं थांबेना. शेवटी मी तिला छावणीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?" त्यांनी विचारलं.

"कुठल्याच नाहीत," काकू म्हणाली.

मला ते पटलं नाही. सेफ्टी पिन शोधताना तिच्या ड्रॉवरमध्ये अर्धं संपलेलं गोळ्यांचं पाकीट मी पाहिलं होतं. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या आधी पाळी पुढे ढकलायला बायका गोळ्या आणतात, तसलंच काही असेल असं तेव्हा वाटलं. पण महालक्ष्म्यांना अजून कितीतरी अवकाश होता. डॉक्टरांपासून लपवावं असं त्या पाकिटात होतं तरी काय?

रिक्षात बसल्याबसल्या मी विचारलंच.

"आई, ते औषध थोडंच आहे!"

"मग काय, पेपरमिंट आहे?"

रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत तिनं हळू आवाजात इंग्रजीत सांगितलं. गोळ्या दिवस राहू नयेत म्हणून होत्या. मैत्रिणीनं नाव सुचवलं, हिनं मेडिकलमधून आणल्या, डॉक्टरांना विचारलंच नाही. आपण आजारी नाही, म्हणजे हे औषध नाही, असा तिचा सरळ हिशेब.

"कधीपासून घेतेस?"

"होळीपासून."

"आणि डोकं?"

ती बाहेर बघायला लागली. "त्यानंतरच."

"मग आधी बंद कर त्या."

तिचा चेहराच बदलला. "तरीच म्हटलं! तुम्हाला नातू हवाय."

तिला दोन्ही मुली. फुलंब्रीच्या तुमच्या आत्याआजी येतील तेव्हा तिला 'अजून एक चान्स घे' म्हणायच्या, आणि ते मीच त्यांना बोलायला लावते, असा हिचा संशय होता.

"नातू नकोय मला, तू धड हवीस. गोळ्या सोड आणि तांबी घे. आमच्या वेळी कितीतरी जणींकडे तांबीच असायची."

"बरं," ती म्हणाली. इतक्या लवकर ऐकलं म्हणून आता मलाच संशय आला.

काही दिवसांनी सकाळी ती स्वयंपाकघरात तांब्याच्या भांड्यातलं पाणी घटाघटा पिताना दिसली.

"रोज पितेय हो," तोंड वाकडं करत ती म्हणाली. "पण आई, पाण्यानं मूल कसं थांबतं ते मला काही कळेना. म्हणून गोळ्याही चालू ठेवल्यात."

इंग्रजी शाळेत शिकलेल्या या मुलीला तांबी म्हणजे कॉपर-टी, हे कुणी सांगितलंच नव्हतं!

"अगं, ती प्यायची नसते, बसवायची असते!"

आम्ही इतक्या हसलो की तोंडाला साबण लावलेला तुमचा काका धावत आला. "काय झालं?"

"काही नाही," काकू म्हणाली, "घ्या, पाणी प्या."

त्याच आठवड्यात आम्ही स्त्रियांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. रेषांचं ऐकताच बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. अशा डोकेदुखीत या गोळ्यांतल्या हार्मोनमुळे मेंदूत गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून आजपासून बंद, तांबी बसवायची तर पाळी आल्यावर या, तोवर निरोध वापरा, असं त्यांनी सांगितलं. तांबीत हार्मोन नसतं, पण पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, पोट दुखतं, हेही लपवलं नाही. ती सरकते का, टोचते का, सोसली नाही तर काढता येते का, हे सगळं मीच विचारलं. उत्तरं मिळाली, पण माझा निम्माच विश्वास बसला. काकू मात्र लक्ष देऊन ऐकत होती.

त्यानंतर रेषा दिसल्या नाहीत. गोळ्या सुटल्या म्हणून की ऊन उतरलं म्हणून, मी छातीठोक सांगणार नाही. पाळी आल्यावर आम्ही पुन्हा गेलो. तिचं नाव पुकारलं तशी मीही उठले.

"आई, तुम्ही बाहेर बसा. माझं मला ठरवू द्या."

मी बसले. बाई तिच्या गळ्यात दुसऱ्याच गोळ्या मारतील, नाहीतर ही ऐनवेळी घाबरेल, असं काहीबाही मनात येत राहिलं. दार उघडलं तेव्हा ती पोटावर हात धरून सावकाश बाहेर आली.

"बसवली," ती म्हणाली. "आता रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगा, तेवढं काम तुमचं."