मी वाचलेला शेवट

शेंगा भाजल्याचा वास आला की मला लढाईच्या दिवसांतलं आमचं पलूसचं घर आठवतं. थोरले भाऊजी पलटणीबरोबर परमुलखात होते आणि थोरल्या जाऊबाईंना वाचता येत नव्हतं. दुपारी शेंगा फोडताना मी त्यांना एक कादंबरी वाचून दाखवत असे. तिच्यातला शिपाई शेवटी रणात मरतो. ते पान आलं तेव्हा जाऊबाईंचे हात थांबल्याचं जाणवलं, म्हणून मी पुस्तकावरची नजर न काढता त्याला सुखरूप घरी आणलं. पुढं त्याच कादंबरीचा सिनेमा मिरजेत लागला. तो दारात येतो ते बघायचंच म्हणून त्या मला हट्टानं घेऊन गेल्या, आणि पडद्यावर तो मेला. बाहेर पडल्यावर त्या फणकारल्या, “ह्या शिनेमावाल्यांनी पार वाटुळं केलं बग. चांगला घरी आलेला माणूस मारला. पुस्तकात हाय तेच खरं.” भाऊजी गेल्याची तार येईपर्यंत तो शेवट मी त्यांना आणखी चारदा वाचून दाखवला. आता सिनेमानं पुस्तक बिघडवलं म्हणून नातवंडं तावातावानं भांडतात, तेव्हा मी शेंगा फोडत राहते. आमचं पुस्तक मीच बिघडवलं होतं.