आधी पडायला शिका

यशोदाअक्का गेल्याची बातमी मला फोनवर आली, ती गुलाबाच्या चित्रासकट. खाली लिहिलं होतं, ‘करुणामूर्ती हरपली’. पाठवणारा आमच्या म्हैसुरात कृत्रिम पायांची शिबिरं भरवणाऱ्या एका संस्थेचा कार्यकर्ता. मी रडत होते, तरी त्या शब्दाचं मला हसू आलं. पाय गेलेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवण्यात अक्कांचं आयुष्य गेलं, हे खरं. पण करुणा? हा शब्द त्यांच्यापुढे कुणी काढला असता तर त्याला त्यांनी गोकुलममधल्या आपल्या हॉलबाहेर घालवून दिलं असतं. हळहळणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. आता तो मलाही आहे.

हूटगळ्ळीच्या वळणावर बसने माझ्या स्कूटरला उडवलं आणि माझा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मी शाळेत गणित शिकवत होते. पुन्हा फळ्यापुढे उभं राहायचं, एवढंच डोक्यात होतं. संस्थेच्या शिबिरात मला पाय मिळाला, म्हणजे व्यासपीठावर बोलावून, शाल पांघरून, पायासकट माझा फोटो काढून मला घरी धाडण्यात आलं. त्यावर तोल कसा सांभाळायचा, पायरी कशी चढायची, हे कुणी सांगितलं नाही. भाषणं लांबली होती, बिचाऱ्यांना वेळ कुठला... घरी आले तर सासूबाईंनी उंबऱ्यातच त्या पायातला बूट काढायला लावला, कारण समोर देवघर. आमचं घराणं जुन्या म्हैसूर संस्थानातल्या शिलेदारांचं. शिलेदारी केव्हाच संपली, पायताणं बाहेर काढण्याचा कडकपणा मात्र शाबूत आहे. तो पाय बुटाच्या टाचेची उंची धरून बसवलेला होता. बूट निघाला की सगळा पाय मागे रेलायचा. मी देवासमोरच उताणी पडले आणि त्या दिवसापासून तो पाय दाराआड जाऊन बसला. एवढं फुकट मिळालं तरी हिलाच नको, असं म्हणायला नातेवाईक मोकळे झाले.

कुणाच्या तरी सांगण्यावरून अक्का घरी आल्या. माझ्याकडे बघण्याआधी त्यांनी पाय उलटासुलटा करून पाहिला आणि बूट कुठे आहे ते विचारलं. सासूबाईंनी देवघराचं कारण सांगितलं. अक्का म्हणाल्या, “वहिनी, या पायाला बूट हेच पाऊल. सुनेचं पाऊल बाहेर काढून ठेवता काय तुम्ही?” दुसऱ्या दिवशी घरात वापरायला तेवढ्याच टाचेचे कोरे बूट आले. देव काही कोपला नाही.

अक्कांचा हॉल म्हणजे भिंतीवर मोठा आरसा आणि मधोमध धरून चालायच्या दोन आडव्या दांड्या. आजूबाजूच्या बंगल्यांत योगासाठी परदेशातून आलेली मंडळी डोक्यावर उभं राहायला शिकत, आणि आम्ही पायांवर. त्या मंडळींचं कौतुक साऱ्या गावाला, आमचं अक्कांनाही नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला पडायला सांगितलं. हातातली काठी दूर भिरकवायची, हनुवटी छातीशी घ्यायची, धडधाकट बाजूवर कलंडायचं, मग पालथं होऊन हातांवर यायचं आणि चांगल्या पायावर भार देत उठायचं. मला रडू फुटलं. “सुम्ने, उगीच रडून काय होते?” अक्का म्हणाल्या. “पडायचं भ्या जाईना तर हा पाय दारामागंच बरा.” नवरा सावरायला धावला, तर त्याला म्हणाल्या, “बेडा, नको, धरू नका. आज धरलात तर जन्मभर धरून फिराल.” आणि त्याला बाहेर काढलं. त्या दिवसांत मला त्यांचा मनस्वी राग यायचा. पण शाळा उघडली तेव्हा मी फळ्यापुढे उभी होते, कुणीही न धरता.

प्रत्येक शिबिरानंतर माणसांना काही आठवडे थांबवून घ्या, मी शिकवते, असं अक्का संस्थेला सांगून थकल्या. लोकांना पाय हवा असतो, शिकवणी नको असते, असं अध्यक्षांचं उत्तर ठरलेलं. खरं तर फोटो पायाचा निघतो, शिकवणीचा निघत नाही. शेवटी अक्काच घरोघर जाऊन दाराआडचे पाय बाहेर काढत राहिल्या.

आता त्यांच्या भाच्याने हॉल योगवर्गाला दिला आहे. दांड्या निघाल्या, आरसा ठेवला, कारण तो योगवाल्यांच्या उपयोगाचा आहे. आणि संस्थेने काटकसर म्हणून शोकसभा आणि शिबिर एकाच मांडवात उरकलं. अक्कांच्या फोटोपुढे शाली, पाय आणि माणसं ओळीने मांडलेली. यांना चालायला कोण शिकवणार, असं मी अध्यक्षांना आधीच विचारलं होतं. आता अक्काच नाहीत, काय करणार, म्हणून त्यांनी खेदाने मान हलवली होती. ओळीतल्या एकेका चेहऱ्याकडे मी पाहत होते. यांचे पाय कुठल्या दाराआड जाणार, ते मला दिसत होतं. मग मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी माइकपर्यंत गेले आणि पडले... शिकवल्याबरहुकूम, मुद्दाम. मांडवात गलका झाला. अध्यक्ष हात पुढे करून धावले. मी त्यांना हातानेच थांबवलं, पालथी झाले, उठले, पदर नीट केला आणि माइकवर विचारलं, “आज ज्यांना पाय दिलेत, त्यांतल्या कुणाला हे येतं?”

मग निवेदकाने माझ्या जिद्दीसाठी टाळ्या मागितल्या आणि चहा तयार असल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मी खाली पडलेली, अध्यक्षांचा हात माझ्याकडे झेपावलेला, खाली ओळ, ‘आधाराचा हात’. मी पेपर भिरकावून दिला. दुपारी कडकोळच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचा फोन आला. काल तो कामावर असताना त्याच्या बायकोला त्या मांडवात पाय मिळाला होता, आणि रात्रीपासून ती त्या पायाला हात लावायला तयार नव्हती.

तो चाचरत म्हणाला, “बाई, पेपरात तुम्ही पडलेल्या दिसता. उठलात कशा, तेवढं हिला शिकवाल काय?”

माझी पुढची खोली लहान आहे, आरसा नाही, दांड्या नाहीत. मी म्हटलं, “उद्या घेऊन या. आणि येताना एखादी जुनी गादी आणा.”