सभा फाट्यावर भरेल

“ऊठ वं, ती खुर्ची सायेबनी शे. तू ताट धर, पाव्हणासले ओवाळ.”

उपसरपंच नाना बोलला. भर सभेत. आणि मी उठले. मी, गावाची सरपंच. राखीव जागेवर निवडून आलेली भिलाटीतली, भिल्लांच्या वस्तीतली बाई. खुर्ची माझी होती, तरी उठले. स्वतःचाच राग अजून जात नाही.

कार्यक्रम कसला, तर महिला सुरक्षेचा! बॅनरवर नानाचा हा एवढा फोटो, माझा कोपऱ्यात, तिकिटाएवढा. तालुक्याच्या साहेबांना ओवाळलं. मग नानालाही ओवाळलं. साहेब माइकवर म्हणाले, “महिलांनी आता पुढं यायला हवं.” टाळ्या पडल्या. साहेब नाश्ता करून गेले. मी ताट घेऊन उभीच.

मग तिथंच, लगेच महिलांची सभा. ग्रामसभेआधी ती घ्यावी लागते, आणि आमच्याकडे ती भरते नानाच्या ओट्यासमोर. सावली आहे म्हणे तिथं. ओट्यावर सासरे, चुलतसासरे खाटा टाकून बसतात. खाली सुना, डोक्यावरून पदर ओढून. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही इथली रीत. ग्रामसेवक विचारतो, “कुणाची हरकत?” कोण बोलणार, कप्पाळ! ठराव मंजूर.

त्या दिवशी ठराव होता दिव्यांचा. बायकांच्या सुरक्षेसाठी रस्त्यावर दिवे. एक देवळापाशी, एक नानाच्या दूध डेअरीपाशी. अरे, तिथं आधीच लख्ख उजेड असतो! अंधार आहे तो फाट्यापासून गावापर्यंत, कपाशीच्या शेतांमधून. माझी पोरगी शाळेतून संध्याकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरायची. मोटारसायकलवाले मागं लागले. एकानं ओढणी ओढली. त्या दिवशी तिनं दप्तर कोपऱ्यात टाकलं ते टाकलंच. तिचा बाप म्हणतो, आता लग्नच लावून टाकू.

“कुणाची हरकत?”

मी ताट खाली ठेवलं. “शे. मन्ही शे. दिवा फाटाना रस्तावर पाहिजे.”

नाना हसला. “भिलाटीनी पोर शिकीसन काय कलेक्टर व्हई?”

ओटाभर हशा. मी खाली बसलेल्या बायकांकडे पाहिलं. नानाच्या पुतणसुनेची पोरही त्याच एसटीनं येते. जीव मुठीत धरून येते, मला माहीत आहे. पण तिनं पदर आणखी खाली ओढला. मला तिचाही संताप आला. मग नजर वर गेली. खाटेवर तिचा सासरा बसला होता. या ओट्याखाली ती जन्मात बोलायची नाही.

मी माझी खुर्ची ओढली आणि बसले. ग्रामसेवकाला म्हटलं, “सभा तहकूब. पुन्हा भरेल ती फाट्यावर, संध्याकाळच्या एसटीच्या वेळेला. फक्त बायका आणि तुम्ही.”

“असं कधी झालं नाही, ताई.”

“आता होईल.”

नाना खाटेवरून ओरडत राहिला. अविश्वास ठराव आणतो म्हणाला. आण म्हणावं!

दिवा अजून लागलेला नाही. बाया फाट्यावर येतील की नाही, देव जाणे. कुणी नाही आलं तर पोरीला शेजारी बसवून सभा घेईन. दिवा लागेपर्यंत तिथंच घेईन. खुर्ची काढून घेतली तर मातीत बसेन, सरपंच म्हणून नाही तर तिची आई म्हणून. तिला सांगितलंय, दप्तर झाडून ठेव.

आणि ताट नानाच्या घरी परत पाठवलं. सोबत निरोप: ओवाळाले आते दुसरी धुंडा.