हद्दानं नाव घेतलं

हद्दा कोणालाच आवडायची नाही, आणि तिलाही कोणी आवडायचं नाही. कॉन्स्टंटाइन शहराच्या जुन्या गावातल्या हमामात ती बायकांची अंगं घासायची. हात असा की पाठीची सालं निघावीत, आणि जीभ त्या हाताहून खरखरीत. आमच्या इमारतीत ती माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायची. इतक्या वर्षांच्या शेजारात तिनं मला एकदाही ‘बस’ म्हटलं नाही.

आम्ही दोघी डोंगरावरच्या झोपडपट्टीतल्या. सरकारनं आमची पत्र्याची घरं पाडली आणि आम्हाला गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत आणून टाकलं. त्याच आठवड्यात ओढ्याकाठची वस्तीही तिथंच आणली. ते आम्हाला शेळ्या म्हणायचे, आम्ही त्यांना बेडूक. घरात नळ आला, संडास आला, पण खोल्या दोन आणि माणसं आठ. तरण्या पोरांनी बसायचं कुठं? ती खाली उतरली. खाली ना मैदान, ना काम. होती फक्त गाड्या लावायची मोकळी जागा. ती कोणाची, यावरून पेटलं. आधी दगड, मग कुत्री, मग गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून घडवलेल्या तलवारी. नशेच्या गोळ्या खाल्ल्या की पोरांना भीती वाटत नसे आणि दुखतही नसे.

हद्दाचे दोन्ही मुलगे त्यातलेच. थोरला शौकी काही गरीब गाय नव्हता. त्याच्या अंगावर जेवढे वण होते, त्याच्या दुपटीनं त्यानं दुसऱ्यांना दिले होते. रमजानातल्या एका दुपारी ओढ्याकाठच्या रमझीनं त्याच्या मानेवर वार केला. शौकी आमच्याच दाराशी पडला. त्याच वेळी धाकट्या लमीननं त्यांच्यातल्या एकाची बोटं तोडली. सगळ्या सज्जांत बायका उभ्या होत्या. पोलिसांनी विचारलं तेव्हा मात्र अख्खी वसाहत स्वयंपाकघरात शोरबा ढवळत होती. मीसुद्धा.

चौथ्या दिवशी रोजा सुटल्यावर आमच्या वस्तीतला वडीलधारा हाज तय्यब दोन म्हाताऱ्यांना घेऊन हद्दाकडे आला. मी कॉफी करायला तिथं होते.

“हद्दा, त्यांचं म्हणणं असं, की तू रमझीचं नाव घेऊ नकोस, ते लमीनचं घेणार नाहीत. ईद तोंडावर आलीय. मिटवून टाक.”

“काय मिटवू? माझं पोर तर मिटलंच.”

“जाणारा गेला, पोरी. उरलेल्याचा विचार कर.”

“तोच करतेय. उरलेला मोरीत बसून लोखंडाला धार लावतोय. येतोय का ऐकू, हाज? तुमच्या समेटाचा आवाज आहे तो.”

मोरीतला आवाज थांबला. लमीन दारात येऊन उभा राहिला. वय एकोणीस, डोळे तांबारलेले. “हाज, तुम्ही या आता,” तो म्हणाला. “आमचं आम्ही बघून घेऊ.”

म्हातारे उठले. कॉफी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हद्दानं माझं दार ठोकलं. “चपला घाल,” एवढंच म्हणाली. मला वाटलं, कबरस्तानात जायचंय. ती पोलीस ठाण्यात शिरली आणि उभ्याउभ्याच रमझीचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, घराचा मजला सांगितला. अधिकारी लिहीत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, “आणखी कोणाच्या हातात हत्यार होतं?”

मी तिचा हात ओढला. तिनं तो झटकला.

“लमीनच्या. माझा धाकटा. बोटं त्यानंच तोडली. आत्ता झोपलाय. लवकर जा, उठला तर रमझीच्या मागावर निघेल.”

परतताना मी तिला नाही नाही ते बोलले. आई आहेस का कैदाशीण, असंही बोलले. ती चालत राहिली. बसथांब्याशी आल्यावर म्हणाली, “तुरुंगातल्या पोराला टोपली नेता येते. कबरीतल्याला काय नेऊ? आणि त्या बेडकीच्या पोराची बोटं काय आपोआप गळून पडली?”

त्यानंतर तिला ओढ्याकाठच्यांनी छळलं, आणि आमच्या लोकांनी त्याहून जास्त. जिन्यात तिच्या दारावर काळ्या रंगात ‘चुगलखोर’ लिहिलं. उंबऱ्यावर माशांची आतडी टाकली. हमामात बायका तिच्यापुढं पाठ करीनात. मालकिणीनं तिला फरशी पुसायला लावलं. ती पुसू लागली. दारावरचं मात्र कधी पुसलं नाही.

खटल्यात न्यायाधीशानं लमीनला विचारलं, “या साक्षीदार बाई तुझ्या कोण?”

“कोणी नाही,” लमीन म्हणाला.

हद्दानं साक्ष पुरी केली. रमझीला वीस वर्षांची सजा झाली, लमीनला चार. बाहेर पायरीवर रमझीची आई तुर्किया तिच्या अंगावर थुंकली. हद्दानं बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, “माझ्यापुरतं झालं. आता घरी जाऊन स्वतःच्या तोंडावरही थुंक. पोरं आपण दोघींनी वाढवली.”

दर भेटीच्या दिवशी दोघी एकाच बसनं तुरुंगात जायच्या. एक पुढच्या दाराशी, एक मागच्या. तुर्कियाची टोपली रिकामी होऊन यायची, हद्दाची भरलेली. लमीन भेटायला येत नसे, तिच्या हातचं घेत नसे. ती घरी येऊन तेच थंड कुसकुस खायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा रांधायची.

दोन उन्हाळे बरे गेले. मग लहान पोरं मोठी झाली. एका शुक्रवारी नमाजानंतर त्या मोकळ्या जागेत पुन्हा दोन रांगा लागल्या, पुन्हा पाती निघाली. मी सज्जात होते. हद्दा खाली उतरताना दिसली, पायात हमामातल्या लाकडी खडावा. ती सरळ दोन रांगांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

“म्हातारे, बाजूला हो, नाहीतर तुझंच मुंडकं उडेल.”

“उडव. तू समीर, साबणवाल्याचा. तो फारिस, तिसरा मजला. तो तोंड झाकलेला यासीन, त्याची चाल मी ओळखते. मी पाहतेय. आणि मी सांगते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी माझ्या पोटच्याला सोडलं नाही, तुम्हाला सोडीन?”

कोणी हसलं नाही. मी कशी उतरले मला कळलं नाही, पण उतरले. आणखी काही बायका आल्या. पलीकडून तुर्कियाही आली. ती हद्दाजवळ उभी राहिली नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. आपल्या बाजूच्या पोरांपुढं जाऊन म्हणाली, “माझीही नजर शाबूत आहे रे.”

आधी फारिस गेला, मग बाकीचे; शिव्या देत, पाती अंगरख्यात खुपसत. त्या दिवशी रक्त सांडलं नाही. पुढं सांडलंच नाही असं नाही. पण आता सांडलं की ठाण्यात कोणीतरी जातं, आणि पोरांना ते ठाऊक असतं.

तुर्किया आणि हद्दा अजून बोलत नाहीत. लमीन सुटला, पण घरी आला नाही. स्किक्दाच्या बंदरावर माल उतरवतो. कधीमधी फोन करतो, तो माझ्या घरी.

“मावशी, ती आहे ना?”

“आहे. वरच्या मजल्यावरून मला शिव्या घालतेय, ऐकतोस?”

“बरं,” म्हणतो, आणि लगेच ठेवत नाही.