लावलेली हरळी

बंगलेवाले एकच विचारतात, लॉन पिवळं का पडतं? शहापूरपासून मुरबाडपर्यंत इतक्या अंगणांत उभं राहून मी उत्तर दिलंय की आता तोंड आपोआप चालतं. उन्हाळ्यात पाणी सकाळी लवकर द्या. पावसात साचू देऊ नका. थंडीत फार खालून कापू नका. तण दिसलं की मुळासकट काढा. हे शेवटचं सांगताना मात्र अजून जीभ अडखळते. कंटाळा आलाय या सगळ्याचा.

नव्वदच्या दशकात शेणव्याजवळच्या एका बंगल्यावर मी हे काम धरलं. बंगल्याखालची जमीन आमचीच, भाताची. वडिलांनी आईला न विचारता विकली आणि पुढे तेही गेले. आई एकटी पडली, म्हणून मी कारखाना सोडून घराजवळ आलो. मालकीणबाईंना दिवाळीनंतरच्या वास्तुशांतीला हिरवंगार लॉन हवं होतं. नाही जमलं तर कल्याणचा माळी ठेवू, असं त्यांनी हसत हसत सांगून टाकलं होतं.

लॉन म्हणजे काय, तर हरळी. भातातून जी उपटता उपटता आईची कंबर गेली, तीच मी पावसाळाभर मुळ्या रोवून वाढवली. आईला हे सांगायची लाज वाटली. बागेचं काम आहे, एवढंच म्हणालो.

वास्तुशांतीला दहा दिवस होते. फाटकाला नुसती कडी घालून पाण्याची नळी आणायला शहापूरला गेलो, एसटी चुकली, परतायला दुपार टळली. आई माझा डबा घेऊन आली होती. रिकामी बसेल ती आई कसली? निम्मं लॉन उपटून तिने कुंपणाशी ढीग घातला होता, पुन्हा रुजू नये म्हणून मुळ्या उन्हाकडे करून.

"किती माजलीय रे. तुला येकट्याला झाली नसती," घाम पुसत ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "आये, अक्कल गेली काय तुझी? लावलेली व्हती ती!"

ती ढिगाकडे बघत राहिली. "माज्या शेतात हरळी दिसली, ती काडाय पन तुला इचारू?"

"शेत नाय आता आपलं," मी ओरडलो.

तिने पदर खोचला, ढिगातली मूठभर हरळी घेतली आणि लावायला वाकली. भात लावतात तशी, मागे सरकत, सरळ ओळीत. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता लावत होतो.

हरळी ती, जगली. पूजेच्या दिवशी तो भाग जरा पोपटी होता आणि मालकीणबाईंना नेमका तोच रंग आवडला. काम टिकलं.

आई मात्र पुन्हा आत आली नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा फाटकाच्या कडीला अडकवून जायची. रागावलीय, जाईल राग, असं म्हणत मी रोज तो काढून घ्यायचो. असं बरीच वर्षं चाललं, अगदी तिने अंथरूण धरेपर्यंत.

कडी काढून एकदा "आये, आत ये" एवढंच म्हणायचं होतं. फाटकाची किल्ली माझ्याच खिशात असायची.