दोन शाळांचं जॅकेट

लावण्याच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात माझ्या खोलीवर ऑफिसला निघण्याच्या गडबडीत होते. एका हातात कंगवा, दुसऱ्या हातात फोन. "लावण्या गेली, बाळ," ते म्हणाले. "तू नीघ. दुपारपर्यंत ठेवतो आमी तिला." तिला डेंग्यू झालाय, दवाखान्यात ठेवलंय, प्लेटलेट्स उतरल्यात, एवढं मला माहीत होतं. पण आदल्याच संध्याकाळी तिचा मेसेज आला होता, "दवाखान्याच्या गाऊनची नाडी मागं का असते? बरी झाले की यावर लिहिणार हाय." असला मेसेज करणारं माणूस दुसऱ्या सकाळी नसेल असं कुणाच्या मनात येईल? फोन ठेवला आणि मी रडले. खूप रडले. आणि रडता रडता मी कपाट उघडलं. हे एवढं वाक्य लिहायला मला इतके आठवडे लागले.

लावण्या मला पहिल्यांदा दिसली ती सोलापुरात, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. सोलापुरात शाळांचे गणवेश शिवले जातात आणि ट्रक भरून कुठल्या कुठल्या गावांना जातात. तिचे वडील अशाच एका कारखान्यात कापड कापायचे, आणि आई घरी बसून शर्टांना बटणं लावायची. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू, बाहेर खणखणीत सोलापुरी मराठी. उरलेल्या तुकड्यांतून तिनं स्वतःच एक जॅकेट शिवलं होतं. डावी बाही निळ्या चौकड्याची, उजवी बाही आणि पाठ तपकिरी चौकड्याची. ते घालून ती वर्गात आली आणि मागच्या बाकावर हशा पिकला. मीही हसले, आणि मैत्री करायची म्हणून म्हणा किंवा शहाणपणा दाखवायचा म्हणून, तिला म्हटलं, "दोन शाळांतून काढून टाकलेली दिसतेस." तिनं मान वळवून कॉलर दाखवली. "दोन न्हाई, तीन. नीट बघ की." कॉलर मरून होती. त्या दिवसापासून आम्ही एका बाकावर बसायला लागलो, आणि त्या जॅकेटला आमच्यात 'दोन शाळा' हेच नाव पडलं, कॉलरवर अन्याय करून.

पुढे आम्ही दोघींनी मिळून इंटरनेटवर एक पान सुरू केलं. नाव तिचंच, 'आज काय घातलंय'. तेव्हा आमच्या वयाच्या मुली परदेशातले कपडे बघून तसलं इथं कुठं मिळेल हे शोधत होत्या. लावण्या मात्र कन्ना चौकात उभी राहून माणसं बघायची. भाजी विकायला आलेल्या बाईनं साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट घातलेला असायचा, बाह्या दुमडून, खिशात तंबाखूची डबी. एक वॉचमनमामा ऐन मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, हातानं विणलेला स्वेटर घालून बसायचे. लावण्या अशा माणसांचा फोटो काढायची तो गळ्यापासून पायापर्यंत, चेहरा कधीच नाही. मग एकच प्रश्न विचारायची, "हे आज का घातलंत?" माणसं आधी लाजायची, कुणी चिडायचं, आणि मग बोलायला लागायची ती थांबायचीच नाहीत. मी शेजारी उभी राहून लाजेनं अर्धी व्हायचे. ओळखीचं कुणी बघतंय का, ही माझी सततची काळजी. ती विचारायची आणि मी लिहून घ्यायचे, मग रात्री शुद्धलेखन तपासून पानावर चढवायचे. वाचक हळूहळू वाढले. एका कुर्त्यांच्या कंपनीनं तिला फुकट कुर्ता पाठवला, चार चांगले शब्द लिहा म्हणून. तिनं लिहिलं, कुर्ता काखेत घट्ट आहे, हात वर केला तर फाटेल, आणि बसमध्ये दांडी धरणाऱ्या बाईला हात वर करावाच लागतो. कुर्ता परत पाठवला. कंपनीनं पुन्हा काही पाठवलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं होतं, कारण पुढच्या खेपेला माझ्या मापाचा येईल अशी मला आशा होती.

मग मला पुण्यात नोकरी लागली. कपडे विकणाऱ्या एका वेबसाइटसाठी मी लेख लिहायला लागले. "तुमच्या कपाटात असायलाच हव्यात अशा पाच गोष्टी", या जातीचे. लावण्या ते सगळे वाचायची आणि फोन करायची. "पाच गोष्टी लिहिल्यास. आमच्या घरात कपाटच न्हाई, आमी कुटं ठेवायच्या?" मी म्हणायचे, "पोटासाठी लिहिते गं बाई." ती म्हणायची, "लिही की. चांगलं लिहायलीस. फक्त तू सवता ते वाचून कपडे घालू नको." ती सोलापुरातच राहिली, एका शाळेत शिवण शिकवत, आणि 'आज काय घातलंय' एकटीनं चालवत. मी अधूनमधून तिचे लेख तपासून द्यायचे, एवढाच माझा हात उरला होता.

त्यातला एक लेख मला जवळजवळ पाठ आहे, कारण तो मी तीनदा तपासला होता. तिच्या गल्लीत एक म्हातारी वारली. लावण्यानं त्या घरी आलेल्या बायकांच्या अंगावर काय काय होतं ते लिहिलं होतं. गाऊनवर टॉवेल टाकून आलेली, एका पायात स्वतःची आणि एका पायात नवऱ्याची चप्पल घातलेली, केसांना मेंदी लावलेली तशीच आलेली. हिंदी सिनेमातली माणसं मयताला कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून येतात, त्यांना बहुतेक आदल्या दिवशीच कळलेलं असतं, असं तिनं लिहिलं होतं. आणि शेवटी, "ज्याला कळल्याबरोबर पळत यायचंय, त्याला कपाट उघडायला वेळ कुठला?" हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते माझ्या नावावरही एकदा ऑफिसात ऐकवलं होतं.

तर त्या सकाळी मी कपाट उघडलं. माझ्याकडे एक पांढरा ड्रेस होता, चिकनचा, ओढणीसकट. तो चुरगळलेला होता. मी इस्त्री तापवली. अंगात भूत शिरावं तशी मी त्या ड्रेसवर इस्त्री फिरवत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्या पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून मान एका बाजूला करत होते. स्वारगेटला पोचले तेव्हा समोरून सोलापूरची बस निघून गेली. पुढच्या बसमध्ये ड्रेस चुरगळेल म्हणून मी जीन्स घालूनच बसले होते, ड्रेस पिशवीत घडी करून मांडीवर. सोलापूर स्टँडवर उतरल्यावर सरळ रिक्षात बसायचं, तर मी बायकांच्या बाथरूमकडे गेले. आत रांग होती. मी रांगेत उभी राहिले. कपडे बदलले, काजळ पुसलं, कानातले मोठे होते ते काढून पर्समध्ये टाकले, आरशात बघून ओढणी सारखी केली. त्या आरशात मी कशी दिसत होते ते मला अजून आठवतं. चांगली दिसत होते.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा दारापुढे माणसं नव्हती. दोन बायका बादलीनं पाणी ओतून ओटा धूत होत्या. माणूस नेल्यावरच ओटा धुतात, हे कळायला मला कुणी सांगायची गरज नव्हती. आत तिची आई भिंतीला टेकून बसली होती, अंगात फिका गाऊन, खांद्यावर टॉवेल. तिला लावण्या अम्मा म्हणायची, म्हणून मीही अम्माच म्हणते. अम्मांनी माझ्याकडे बघितलं. "आलीस व्हय... आत्ताच नेलं गं. तुझी लई वाट बघितली." आणि मी, लावण्याची सगळ्यात जवळची मैत्रीण, म्हणाले, "मोहोळजवळ गाडी अडकली, अम्मा."

गाडी कुठेही अडकली नव्हती. मोहोळ तर झोपेतसुद्धा लागलं नाही, इतकी सुसाट आली होती. पण अम्मांनी ते धरून ठेवलं. येईल त्या बाईला त्या सांगायला लागल्या, "पुण्यासनं निघालेली पोरगी, मोहोळला अडकली, तोंड बघायला मिळालं न्हाई तिला." बायका माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. कुणी मला पाणी आणून दिलं. मी तो पेला घेतला आणि प्यायले. संध्याकाळी जरा शांत झाल्यावर अम्मा म्हणाल्या, "तिला ते चौकड्याचं जाकीट घालावं असं माझ्या लई मनात होतं. तिचंच हाय, तिनंच शिवलेलं. पण बायका म्हणाल्या, असलं बरं दिसत न्हाई, पोरीला शेवटचं रेशमी नेसवा. मी एकटी किती बोलू? मी म्हटलं थांबा, तिची मैत्रीण येऊ द्या, ती सांगेल तसं करू." मी मान खाली घालून बसले होते. माझ्या पांढऱ्या सलवारीच्या काठाला ओट्यावरचं पाणी लागून तो भिजला होता, आणि त्याही वेळी माझं लक्ष त्या डागाकडे गेलं. आता सांगा अशा माणसाला काय म्हणायचं. मला स्वतःची लाज वाटते. वाटली नाही, वाटते.

गेल्या रविवारी मी पुन्हा सोलापूरला गेले. या वेळीही कपाटापुढे उभी राहिलेच, खोटं कशाला सांगू. लावण्याच्या खोलीत, म्हणजे ज्या एका खोलीत ते सगळे राहतात तिच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात, तिचं शिलाई मशीन तसंच होतं. वर खिळ्याला 'दोन शाळा' टांगलेलं. अम्मा खाली बसून शर्टांना बटणं लावत होत्या. माझ्यासमोरच शेजारची एक बाई आली आणि अम्मांनी तिला माझी ओळख करून दिली, "हीच ती, मोहोळला अडकलेली." ती बाई गेली आणि मला बसवेना. मी सगळं सांगून टाकलं. इस्त्री, गेलेली बस, स्टँडवरची रांग, आरसा... सांगताना मी अम्मांकडे बघत नव्हते. त्या बटण लावत राहिल्या. दोरा दातानं तोडला, शर्ट बाजूला ठेवला, मग माझ्याकडे बघितलं.

"पांढरा?" त्या म्हणाल्या. "कुठला पांढरा गं? तू काय घातलं होतंस ते माझ्या ध्यानातच न्हाई."

मला वाटलं झालं, एवढंच. मी डोळे पुसायला लागले. अम्मांनी पुढचा शर्ट मांडीवर ओढला, त्याची काजं हातानं चाचपली, आणि खालच्या आवाजात, रागावून नाही, नुसतं सांगावं तसं म्हणाल्या, "पण तू आली असतीस, तर जाकीट घालून गेली असती ती."

थोड्या वेळानं अम्मा उठल्या, चहाला दूध नाही म्हणाल्या. मी आणते म्हटलं तर नको म्हणाल्या, पाहुणी कुठं दूध आणते का. अंगात तोच फिका गाऊन होता. त्यांनी इकडेतिकडे ओढणी बघितली नाही की टॉवेल बघितला नाही. खिळ्याचं जॅकेट काढलं, गाऊनवर चढवलं, बटणं लावली. जॅकेट खांद्यांत सैल होतं आणि पोटावर ताणलेलं. हे रोजचंच असावं, कारण खिशातून त्यांनी न बघता सुट्टे पैसे काढले. दारात चप्पल घालताना मला म्हणाल्या, "बस. आलेच."

मी खिडकीतून बघत राहिले. गल्लीतून एक निळी बाही आणि एक तपकिरी बाही दुधाच्या दुकानाकडे चालली होती, खाली गाऊनची झालर. लावण्यानं हा फोटो सोडला नसता, गळ्यापासून पायापर्यंत. माझा हात पर्समधल्या फोनकडे गेला होता, तो मी मागं घेतला. तिचा तो एकच प्रश्न मला अम्मांना विचारायचा नव्हता. त्यांनी हे आज का घातलंय, ते मला माहीत होतं.