बर्फाच्या पिक्चरमधला क्लॅरिनेट

विलास,

मी पुण्याला निघालो तेव्हा लग्नसराई जोरात होती आणि बाबा वरातीतून तसेच ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर आले होते. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावरची सोनेरी झालर एका बाजूने उसवलेली, काखेत क्लॅरिनेटची पेटी. यवतमाळच्या त्या दुपारच्या उन्हात लोक वळून वळून बघत होते आणि मला लाज वाटत होती, हे आज पहिल्यांदा कबूल करतोय. तू माझी बॅग डिकीत टाकलीस. आपली आई जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे डबा बाबांनीच भरला होता. पोळ्या आणि ठेचा. गाडी हलली तसे ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "तिथी कोणाच्या मागं उभा राहून वाजवू नको, पोट्ट्या. पुढं उभा राय."

पंधरा वर्षं झाली. पुढे तर सोडच, मी मागेही उभा राहिलो नाही. मी खुर्चीत बसतो. हे पत्र तुझ्यासाठी आहे, पण आपल्या गल्लीतून जे जे इकडे आले, कोणी धायरीत, कोणी कर्वेनगरला, त्यांनीही वाचलं तरी माझी हरकत नाही. घरी काहीतरी खोटं सांगितलेला मी एकटाच नसणार.

तुला माझं काम कधी नीट सांगितलं नाही. कोथरूडला एका सोसायटीच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस आहे. परदेशात दरवर्षी ख्रिसमसचे पिक्चर ढिगाने निघतात, त्यांचं पार्श्वसंगीत तिकडचा एक संगीतकार घेतो, त्याला वेळ नसतो, मग तो सुरावट गुणगुणून पाठवतो आणि तिचा ऐंशी वादकांचा ऑर्केस्ट्रा आम्ही इथे करतो. वादक कोणी नाही. कोणीतरी व्हायोलिनचा, बासरीचा एकेक सूर वेगळा वाजवून ठेवलेला असतो, ते सगळे सूर कॉम्प्युटरमध्ये असतात, आणि मी ते जोडत बसतो. नाव त्या संगीतकाराचं लागतं. यात फसवणूक नाही, तसा करारच असतो.

आणि गोष्ट काय, तर दरवेळी तीच. शहरात नोकरी करणारी एक मुलगी ख्रिसमसला गावी जाते. बर्फ पडला की घुंगुरघंट्या, झाडावरचे दिवे लागले की हॉर्न, दार उघडून बाप दिसला की सगळी व्हायोलिनं एकदम. दीड तासात तिला कळतं की शहरात काही अर्थ नाही, आणि ती गावीच राहते. हे संगीत आम्ही एप्रिल-मेमध्ये करतो, बनियनवर बसून. घरी परतणाऱ्या निदान चाळीस जणांना मी दारापर्यंत वाजवत सोडलं असेल. मी स्वतः वर्षाला दोन दिवस येतो आणि तेही परतीचं तिकीट काढूनच.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाबा धायरीला माझ्याकडे होते, तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी मी काम करत होतो, ते मागे येऊन बसले. थोडा वेळ बघून म्हणाले, "बरफ पडून राहिला, अन् घंट्या काहून वाजून राहिल्या?" मला हसू आवरेना. मग त्या पिक्चरमधला म्हातारा बाप आला. त्याचं खेळणी दुरुस्त करायचं दुकान, मुलगी दारात उभी, दोघांना बोलायला शब्द सुचत नाहीत, आणि तिथे सोळा मात्रांच्या चार ओळी फक्त क्लॅरिनेट. मला दिसलं की बाबांची बोटं मांडीवर चालू लागली होती. मीच म्हणालो, बाबा, हे तुम्ही वाजवा.

आठवडाभर तयारी केली त्यांनी. मी सुरावट सारेगममध्ये लिहून दिली, जशी ते आयुष्यभर बँडच्या पोरांना वहीत लिहून देत आले तशी. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "बी विंगमध्ये वरात असल्याचे समजते. आम्हाला पत्रिका मिळाली नाही." बाबांना दाखवला, तर ते खुश झाले, म्हणाले लोक ऐकतात तरी. ऑफिसमधल्या छोट्या खोलीत रेकॉर्डिंग झालं. माइकमध्ये आवाज येतो म्हणून पंखा बंद, एसी बंद. बहात्तर वर्षांचा माणूस घामाने निथळत बर्फाचं संगीत वाजवत होता, तिसऱ्या ओळीच्या मध्यात दम तुटायचा, तिथे श्वास घ्यायचा आणि पुन्हा सूर धरायचा. आमचे सर अस्सल पुणेरी, कोणाला चांगलं म्हणायची सवय नाही, ते म्हणाले, "चालेल." मी म्हटलं, बाबा, हे फार मोठं काम झालं.

बाबा यवतमाळला गेले आणि चौथ्या दिवशी तिकडून उत्तर आलं. वादन सुंदर आहे, पण ते ऐकताना आपण बर्फातून बाहेर पडतो, कृपया बदलावे. बाबा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात ना, मींड घेतल्यासारखे, ते तिकडच्यांना नको होतं. सर म्हणाले, "भावना छान आहेत, त्या घरी ठेवा. फाइल शुक्रवारी जायचीय. दोन दिवस आहेत, वडिलांना बोलावून साधं वाजवून घ्या, नाहीतर कॉम्प्युटरचं टाका."

दोन दिवस होते, विलास. ट्रॅव्हल्सने बाबा एका रात्रीत आले असते. मी फोन केला नाही. स्वतःला सांगितलं की म्हाताऱ्याला दगदग कशाला. खरं कारण वेगळंच आहे. हेडफोन लावून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही ते लग्नाच्या बँडसारखं वाटलं होतं. तिकडच्या माणसाने सांगायच्या आधी मला वाटलं होतं. थांब्यावर तो लाल कोट बघून वाटलं होतं, तसंच. मग मी पाऊण तासात बाबांना काढून कॉम्प्युटरचा क्लॅरिनेट लावला. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "पास झालं काय?" मी म्हटलं, एकदम पास.

पुढचं मला तुझ्याकडूनच कळलं. डिसेंबरात पिक्चर आला तेव्हा बाबांनी बँडची सगळी माणसं घरी बोलावली, पेढे आणले, कोट इस्त्री करून घातला. तू फोन टीव्हीला जोडलास. इंग्रजी कोणाला कळत नव्हतं, सगळे नुसते क्लॅरिनेटची वाट बघत बसले. तो आला. बाबांची बोटं गुडघ्यावर चालू लागली, आणि तिसऱ्या ओळीच्या मध्यात थांबली. तिथे श्वास यायला हवा होता. आला नाही, सूर सरळ पुढे गेला. सगळे बाबांकडे बघायला लागले, आणि बाबा म्हणाले, "मीच आहो हा." मग टाळ्या झाल्या, पेढे वाटले. लोक गेल्यावर ते तुला म्हणाले, "मले समजलं हे त्याले सांगू नको. त्याचं तोंड पडते."

तू तीन महिने सांगितलं नाहीस. मार्चमध्ये मी फोनवर शहाणपणा करत होतो, बाबांनी वाजवणं का सोडलं, तू त्यांना बाहेर काढत का नाहीस, फुप्फुसांना बरं असतं ते. तेव्हा तुझा तोल गेला. "दादा, तू तर बोलूच नको," म्हणालास, आणि सगळं सांगितलंस. त्या दिवसापासून बाबांनी पेटी उघडली नव्हती. विचारलं की म्हणत, दम पुरत नाही. बँड आता तूच चालवतोस, लग्नांचा सीझन तोंडावर होता, तू बाबांच्या जागी कॅसिओवाला घेतलास. त्याबद्दल मी तुला काय बोलणार? मी तेच तुझ्या आधी केलं होतं.

यंदा दिवाळीला आलो तेव्हा बाबांना खरं सांगायचं असं मनाशी ठरवून आलो होतो. पहिला दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचे काका फराळाला आले, तू बशा घेऊन दारात उभा होतास. बाबांनी काकांना पिक्चरची गोष्ट काढली. माझ्या पोराच्या इंग्रजी पिक्चरमध्ये मी वाजवलं, म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "सांग ना रे त्याइले." आणि बघत राहिले. अशा जागी काय करायचं असतं ते मला पाठ आहे. आधी सगळी वाद्यं थांबवायची, मग एकच सूर, हळू, आणि माणूस खरं बोलतो. मी चाळीस पिक्चरमध्ये ते केलंय. मी म्हणालो, "हो काका, बाबांनीच वाजवलंय."

बाबांनी मान खाली घातली आणि चिवडा निवडायला लागले. तेव्हा मला कळलं. काकांना सांगायचं काही त्यांना पडलेलं नव्हतं. मी ते खोटं मोडावं म्हणून त्यांनी वाट करून दिली होती, चारचौघांत स्वतःची फजिती होईल हे माहीत असून. तू बशा तशाच ठेवून आत गेलास, ते मी बघितलं.

लोक मला विचारतात, गावी परत जावंसं वाटतं का, घर आठवतं का. घर म्हणजे मला आता ती फराळाची दुपार आहे. तिथे मला एकदा खरं विचारलं होतं. आता फोनवर बाबा कामाचं काही विचारत नाहीत. "जेवला काय?" म्हणतात, मी हो म्हणतो, आणि ते फोन तुझ्याकडे देतात.